दहा-बारा कामगारांच्या शेडला डॉक्टर कुठून आणायचा?

सांगली जिल्ह्यात दुखणं अंगावर आलं की माणूस मिरजेची वाट धरतो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचं हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासूनची ही सवय. पुढं १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, गल्लोगल्ली दवाखाने झाले, कर्नाटकातले पेशंटही रेल्वेनं येऊन मिरजेत उतरू लागले. कुपवाडची एमआयडीसी या मिरजेपासून काही किलोमीटरवर. पण तिथल्या छोट्या शेडमध्ये कास्टिंग (साच्यात ओतलेले धातूचे भाग) घासणाऱ्या पोराला डॉक्टर भेटतो तो खोकला महिनाभर हटला नाही की मगच. खोकला सुरू व्हायच्या आधी त्याच्या ग्राइंडरपाशी जाऊन बघणारा डॉक्टर सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही.

मोठ्या कारखान्याची गोष्ट निराळी. १९४८ च्या कारखाना कायद्यानंच ५०० च्या वर कामगार असतील तर ॲम्ब्युलन्स रूम आणि १००० कामगारांपासून सेफ्टी ऑफिसर सांगितला होता. दहा-बारा माणसांच्या शेडमध्ये मालक स्वतःच सुपरवायझर असतो, तोच खरेदीला जातो, तोच जीएसटी भरतो आणि कारागीर आला नाही तर लेथवरही उभा राहतो. त्याच्याकडून कंपनी डॉक्टरची अपेक्षा करणं म्हणजे थट्टाच. पण वाळूची धूळ काही कामगारांची संख्या मोजून फुफ्फुसात जात नाही. उलट लहान जागेत छप्पर बुटकं, मशीन दाटीवाटीनं आणि एकाच माणसाला चार कामं, म्हणून धोका जास्तच.

या पेचातून वाट आहे. ती बघण्याआधी कामगारांसाठीची आरोग्यसेवा म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावं लागेल, कारण बहुतेकांच्या डोळ्यांपुढं येतं ते वार्षिक तपासणी शिबिर.

शिबिरात सकाळी गाडी येते. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, वजन-उंची, कधी ईसीजी. दुपारपर्यंत सगळे मोकळे, आठ दिवसांनी रिपोर्टची फाइल ऑफिसच्या कपाटात. यात वाईट काही नाही. कुणाची लपलेली शुगर सापडली तर भलंच झालं. पण ऑफिसातल्या क्लार्कच्या आणि भट्टीवरच्या माणसाच्या तपासण्या अगदी सारख्या असतील, तर त्या तपासणीचा कामाशी संबंध काय उरला? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९८५ मध्ये या विषयावर १६१ क्रमांकाचा करार केला. त्यात या सेवेचं काम मुख्यतः प्रतिबंधाचं आणि सल्ल्याचं मानलं आहे. म्हणजे कामाच्या जागी अपाय कशानं होतो ते हुडकायचं, त्या अपायाच्या अंगानं कामगाराच्या तब्येतीवर नजर ठेवायची आणि काम माणसाला मानवेल असं बदलायला मालक-कामगार दोघांना मदत करायची. सुरुवात मशीनपासून होते, रक्ताच्या नमुन्यापासून नाही.

फाउंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातल्या, फेटलिंगच्या (कास्टिंग साफ करायच्या) कोपऱ्यात अर्धा तास उभं राहिलं की हे लगेच कळतं. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला वाळू चिकटलेली असते. ती ग्राइंडरनं घासून काढायची. ठिणग्या उडतात त्या दिसतात, म्हणून चष्मा दिला जातो. दिसत नाही ती खरी भानगड. मोल्डिंगची वाळू म्हणजे बहुतांशी सिलिका. तिचे मायक्रॉनच्या मापाचे कण, साधारण पाच मायक्रॉनच्या आतले, नाकातल्या केसांना आणि घशाला चुकवून थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशीच मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या झटापटीत फुफ्फुसात कडक गाठी धरत जातात. याचं नाव सिलिकोसिस. बहुधा दहा-वीस वर्षांनी तो एक्स-रेवर दिसू लागतो आणि त्यावर तो मुळापासून बरा करणारं औषध नाही. शिवाय अशा फुफ्फुसाला क्षय लवकर धरतो. क्षयाचं औषध चालू होतं, क्षय आटोक्यात येतो, दम मात्र लागतच राहतो, आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडलं नाही.

आता त्याच कोपऱ्यात आणखी थोडं बघा. माणूस तोंडाला रुमाल बांधून बसलेला. रुमालानं घाम टिपला जातो, पाच मायक्रॉनचा कण नाही. उकडतं म्हणून मागं उभा पंखा लावलेला. तो धूळ उडवून शेजारी साचे करणाऱ्या मोल्डरच्या अंगावर घालतो. भिंतीत एक्झॉस्ट फॅन आहे, पण असा बसवलाय की ग्राइंडरची धूळ आधी माणसाच्या नाकासमोरून जाते आणि मग बाहेर पडते. आणि पाळी सुटताना सगळे कॉम्प्रेसरची नळी घेऊन एकमेकांच्या कपड्यांवर हवा मारतात. दिवसभर खाली बसलेली धूळ त्या पाच मिनिटांत पुन्हा हवेत.

जाणता डॉक्टर किंवा सुरक्षेचं शिकलेला माणूस इथं आला तर तपासणीचा कागद काढायच्या आधी सांगेल: हवा मारणं आजपासून बंद, कपडे बाहेर जाऊन झटका किंवा व्हॅक्यूम वापरा. जमीन झाडू नका, आधी पाणी शिंपडा. माणसाची बसायची बाजू बदला, म्हणजे एक्झॉस्ट त्याच्या पाठीकडून वारा घेऊन धूळ पुढं ओढून नेईल. ग्राइंडरला हूड आणि धूळ ओढणारी नळी बसवा. हे सगळं झाल्यावर जे उरेल त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ दर्जाचा मास्क. हा क्रम उलटा करून नुसते मास्क वाटले की दोन दिवसांत ते खुंटीला लटकलेले दिसतात. भट्टीजवळच्या उकाड्यात आठ तास मास्क लावून बघा, मग कामगाराला बेशिस्त म्हणा. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. त्या सुचवायला कुणीतरी यावं लागतं, एवढंच.

कानाची गोष्ट आणखी फसवी. विट्यात, माधवनगरात यंत्रमागाच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की बोलणं बंद होतं, हातवारे सुरू. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला तर तिथला गोंगाट ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं समजायला हरकत नाही. आपल्या कारखाना नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली आहे. मोठ्या आवाजानं कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. गंमत अशी की आधी मरतात त्या उंच पट्टीच्या, ४००० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजाच्या पेशी. बोलण्यातले स्वर त्याहून बरेच खालच्या पट्टीत असतात, म्हणून कित्येक वर्षं माणसाला काही बिघडलंय असं वाटतच नाही. मग ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटायला लागतात. ऐकू येतं, पण काय म्हणाले ते कळत नाही. घरी टीव्हीचा आवाज वाढतो, लग्नाच्या पंगतीत माणूस नुसता मान डोलावतो आणि सून म्हणते, मामंजी मुद्दाम लक्ष देत नाहीत.

यासाठीची तपासणी ऑडिओमेट्री. ती कामाला लागतानाच एकदा करायची, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करायला काहीतरी असतं. आणि ती पाळी सुटल्या सुटल्या करायची नाही. गोंगाटानं कान तात्पुरते बधिर झालेले असतात, त्यामुळं आधी निदान चौदा-सोळा तास शांतता लागते. शिबिराची गाडी भर पाळीत मागाच्या शेडबाहेर उभी करून कान तपासले तर आकडे येतील, पण ते कशाचे हे सांगता येणार नाही. कापसाचे बोळे कानात घालून भागत नाही, हेही सांगायला हवं. फोमचे इअरप्लग लागतात, आणि ते वळून, कान मागं ओढून घालायला शिकवावं लागतं. कापसाच्या धुळीचंही असंच: सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा सरता सरता सैल पडते, ही बिसिनोसिस या फुफ्फुसाच्या आजाराची खूण. यंत्रात फुंकर मारून फुफ्फुसाचा जोर मोजायची तपासणी त्याच दिवशी पाळीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा केली तर फरक पकडता येतो. आठवड्याच्या मध्यावर एकदाच केली तर सगळं नॉर्मल.

जिल्ह्यातल्या इतर धंद्यांची यादी लांब आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, दुसऱ्या दिवशी उतरतो. गावातला डॉक्टर मलेरिया समजून गोळ्या देतो. तासगाव भागात बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. तो वायू दमेकऱ्याला लगेच धरतो, म्हणून धुरीची खोली उघडल्यावर आत शिरायची घाई नको. बेदाणा निवडणाऱ्या बायका दिवसभर मांडी घालून बसतात आणि जवळपास संडास नसेल तर पाणीच पीत नाहीत. त्यांच्या लघवीच्या जळजळीवरचा इलाज औषधाच्या दुकानात नाही, शेडच्या मागं बांधायच्या संडासात आहे. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाची कंबर, सीएनसी मशीनवर कूलंटमध्ये (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवात) हात बुडवून मग थिनरनं धुणाऱ्याची कातडी. आणि खानापूर-आटपाडीतून देशभर पांगलेले आपले गलाईवाले. सोनं-चांदी शुद्ध करताना नायट्रिक ॲसिडमधून तपकिरी धूर निघतो. तो हुंगल्यावर थोडा खोकला येतो, बरं वाटतं, माणूस जेवून झोपतो. आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी भरतं. तपकिरी धूर नाकात गेलेला माणूस ठणठणीत दिसत असला तरी त्याला दवाखान्यात देखरेखीखाली ठेवायला हवं, हे त्या दुकानातल्या प्रत्येकाला पाठ असायला पाहिजे.

या सगळ्यांत एक धागा आहे. प्रत्येक ठिकाणी निदान अडतं ते काम माहीत नसल्यामुळं. केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो आणि त्यात लिहिलेलं असतं ‘मजुरी’, फार तर ‘नोकरी’. तिथं ‘फाउंड्रीत फेटलिंग, १२ वर्षं’ असं लिहिलं गेलं तर पुढचा डॉक्टर एक्स-रेकडे वेगळ्या नजरेनं बघेल. शिवाय कायद्यानं ठरवलेल्या २९ आजारांच्या यादीतला आजार वाटला तर डॉक्टरनं तो सरकारी कारखाना निरीक्षण यंत्रणेला, म्हणजे महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचा असतो. सिलिकोसिस, बिसिनोसिस, शिशाची विषबाधा, गोंगाटानं आलेला बहिरेपणा हे सगळे त्या यादीत आहेत. रकान्यात ‘मजुरी’ असेल तर कळवायचं काय?

कायद्याबद्दल थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत ‘कारखाना’ म्हणायला वीज वापरून २० किंवा विजेशिवाय ४० कामगार लागतात, पण १० कामगारांच्या आस्थापनेवरही मालकाची जबाबदारी येते. चाळिशीच्या पुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी, असंही केंद्रानं जाहीर केलं आहे. ऐकायला छान, पण मला यातलं वय खटकतं. विसाव्या वर्षी ग्राइंडरला बसलेला मुलगा चाळिशीला पोचेपर्यंत त्याच्या फुफ्फुसात वीस वर्षांची वाळू गेलेली असते. तपासणीचा हिशेब वयावर न लावता धुळीत काढलेल्या वर्षांवर लावायला हवा होता.

दुसरी बाजू ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. बरेच कामगार याकडं ‘कापून घेतात ते पैसे’ म्हणूनच बघतात. पण कामामुळं आलेला, यादीतला आजार हा ईएसआयमध्ये कामावरच्या इजेसारखाच धरतात. त्यामुळं तात्पुरतं काम सुटलं तर पगाराच्या ९० टक्के आणि कायमची कमाई घटली तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या प्रमाणात भरपाई मिळू शकते. मुख्य अट ही, की आपण त्या कामावर होतो हे कागदावर दिसलं पाहिजे. कंत्राटदाराच्या वहीत नुसतं टोपणनाव असलेल्या पोराचं इथंच अडतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना ऑपरेशनला, भरती व्हायला उपयोगी पडतात. शेडमधली धूळ त्यांच्या कक्षेत येत नाही.

आता वाट कोणती ते बघू. एका शेडला जे परवडत नाही ते वीस शेडना मिळून परवडतं. फिनलंडनं १९७८ मध्ये कायदा करून एक कामगार ठेवणाऱ्या मालकालाही ही सेवा देणं बंधनकारक केलं, पण त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. गावोगावच्या नगरपालिकांच्या आरोग्य केंद्रांना सांगितलं की मागणाऱ्या मालकाला सेवा द्यायचीच, आणि खर्चाचा काही भाग राष्ट्रीय विमा संस्थेकडून परत मिळायची सोय केली. जपानमध्ये कंपनी डॉक्टरची सक्ती ५० कामगारांपासून आहे. त्याखालच्यांसाठी विभागवार केंद्रं आहेत, तिथं सल्ला फुकट मिळतो. दोन्हीकडं हिशेब एकच: सेवेचं एकक कारखाना नाही, परिसर आहे.

हेच कुपवाडात मांडून बघा. समजा, एका रांगेतली २० युनिट एकत्र आली, प्रत्येकात सरासरी १२ माणसं, म्हणजे २४० कामगार. कंत्राटदाराचे आणि हंगामी धरूनच हे मोजायचं, मस्टरवरचे तेवढे नव्हे. एक डॉक्टर आठवड्यातून एक दिवस ठरवून घेतला, तर वर्षाचे साधारण ५० दिवस हाती येतात. प्रत्येक शेडला वर्षातून दोनदा अर्धा-अर्धा दिवस फेरी मारायची तर २० दिवस लागतात. उरलेल्या ३० दिवसांत २४० जणांची, त्यांच्या कामाला लागू असलेली तपासणी: दिवसाला आठ माणसं, निवांत. सोबत एक नर्स किंवा तंत्रज्ञ, एक ऑडिओमीटर, एक फुंकर मारायचं यंत्र, आवाज मोजायचं यंत्र. एक्स-रे कुठल्याही केंद्रातून ठरवून घेता येतो. पैसे माणशी वर्गणीनं. औद्योगिक वसाहतीत उद्योजकांच्या संघटना असतातच. रस्ते, दिवे, पाणी यासाठी त्या महापालिकेशी आणि एमआयडीसीशी भांडतात, त्यांच्या बैठकीच्या अजेंड्यावर आणखी एक ओळ वाढेल.

डॉक्टर मात्र शोधताना बघून घ्यावा. कामगार आरोग्याचा तीन महिन्यांचा एएफआयएच नावाचा अभ्यासक्रम असतो. मुंबईत शीव इथल्या केंद्रीय श्रम संस्थेत तो चालतो. तो केलेला डॉक्टर मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला, तर मशीनपाशी यायला तयार असलेला, बूट काळे झाले तरी चालतील म्हणणारा जनरल प्रॅक्टिशनर घ्यावा आणि त्याला शिकायला पाठवावं. वैद्यकीय महाविद्यालयांच्या कम्युनिटी मेडिसिन विभागात हा विषय अभ्यासक्रमाचाच भाग आहे. मिरज-सांगलीत महाविद्यालयं असताना इंटर्नना फेटलिंगचा कोपरा दाखवायला लांब न्यायची गरज नाही.

खरी अडचण पैशाची कमी आणि भरवशाची जास्त आहे. मालकाला भीती, रिपोर्टमध्ये काही निघालं तर इन्स्पेक्टर दारात. कामगाराला भीती, रिपोर्टमध्ये काही निघालं तर उद्यापासून येऊ नको. ‘दम लागतो का?’ असं मालकासमोर विचारलं की उत्तर ठरलेलं: “नाही हो साहेब, मस्त आहे.” म्हणून काही गोष्टी सुरुवातीलाच लिहून घ्याव्या लागतात. तपासणी कामाच्या वेळेत, पगार न कापता आणि कामगाराच्या खिशाला हात न लावता. १६१ च्या करारातही हेच धरलं आहे. रिपोर्ट कामगाराच्या हातात. मालकाला एवढंच कळवायचं की हा माणूस या कामाला योग्य आहे, की त्याला धुळीपासून हलवावं लागेल. कुणाला काय आजार आहे हे त्याला कळायची गरज नाही. मात्र शेडमधल्या किती जणांचे कान खालावले हा बेरजेचा आकडा मालकालाही द्यायचा आणि कामगारांसमोरही सांगायचा, कारण दुरुस्त करायचं असतं ते शेड.

मालकाच्या बाजूनंही एक बोललं पाहिजे. छोट्या युनिटचा मालक बहुधा त्याच धुळीत उभा असतो. बारावी सोडून लेथ शिकलेला, कर्ज काढून शेड घातलेला. त्याचाही एक्स-रे याच यादीत धरावा. मालकाची स्वतःची ऑडिओमेट्री झाली की इअरप्लगची ऑर्डर निघायला फार दिवस लागत नाहीत.

आणि एक कार्ड हवं. कुपवाडात पोरं वर्षभरात दोन-तीन शेड बदलतात. पन्नास रुपये हजेरी जास्त मिळाली की निघाले. फाइल जुन्या मालकाच्या कपाटात राहिली तर नवी सुरुवात पुन्हा शून्यापासून. त्यापेक्षा कामगाराच्या खिशात राहील असं साधं जाड कागदाचं कार्ड करावं. कुठल्या शेडमध्ये, कुठलं काम, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत. खाली एक्स-रेची तारीख, कानाचे आकडे, फुंकरेचे आकडे. एक्स-रेची प्रत आणि पगाराची एखादी चिठ्ठी त्याच पाकिटात. पुढं मिरजेला केसपेपर काढायची वेळ आलीच, तर खिडकीवरच्या माणसाला ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचं ते या कार्डावर बघून सांगता येईल.